दोन वेढे कमी

चैत्र पौर्णिमेला कळंब तालुक्यातल्या येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. पालखी निघते, भाविक चुनखडी वेचतात, आणि रस्त्याच्या कडेला पाळणे, बांगड्या, रेवड्या यांच्या शेजारी फुगे फोडायचं एखादं दुकान असतं. मागे फळी, फळीवर रंगीत फुग्यांच्या रांगा, पुढे आडव्या दांडीवर टेकवलेल्या छऱ्याच्या बंदुका. पौष पौर्णिमेला नळदुर्गजवळ मैलारपूरच्या खंडोबाला जावं तर तिथंही तेच. धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात हातात धरलेली बंदूक म्हणजे ही.

या बंदुकीत दारू नसते. नळी खाली वाकवली की पोटातला दट्ट्या मागे सरकतो, त्याच्यामागची जाड स्प्रिंग दबते आणि दट्ट्या एका खाचेत अडकतो. चाप ओढला की खाच सुटते, स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, त्याच्यापुढची हवा एकदम दाबली जाते आणि ती हवा छऱ्याला ढकलते. ही मोठी स्प्रिंग सगळ्यांना माहीत असते. पण आत बारीक स्प्रिंगाही असतात: एक चापाला जागेवर आणणारी, एक खाच धरून ठेवणारी, एक नळी मिटल्यावर ती घट्ट राहावी म्हणून कुलपासारख्या जिभेला रेटणारी. यातली एखादी फुफाट्यात उडून पडली की ती सापडत नाही. मग दुकानदार तालुक्याच्या बाजारात पंपदुरुस्तीच्या मिस्त्र्याकडे जातो आणि दुसरी एखादी कापून बसवून द्या म्हणतो.

अशा मिस्त्र्यांच्या बाकड्याखाली एक पत्र्याचा डबा असतो. त्यात बॉलपेनच्या, लायटरच्या, कार्ब्युरेटरच्या, कुलपांच्या, फवारणी पंपांच्या, शिलाई मशीनच्या स्प्रिंगा एकमेकींत अडकून पडलेल्या असतात. जाडी जुळली, घेर जुळला, पण लांबी जास्त निघाली की साधा उपाय दिसतो: पक्कड घ्या आणि दोन वेढे कमी करा. या दोन वेढ्यांविषयीच मला लिहायचं आहे. लोखंडाचा बार कापला की तो आखूड होतो आणि एवढंच होतं. स्प्रिंग कापली की आखूड तर होतेच, शिवाय ती वेगळी स्प्रिंग होते. हे ज्याला कळलं तो कारागीर.

इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूक यानं 1676 मध्ये आपला नियम अक्षरं उलटसुलट करून कोड्यासारखा छापला आणि 1678 मध्ये उलगडून सांगितला: स्प्रिंग जितकी दाबावी किंवा ताणावी, तितकी ती उलट जोर लावते. कोणत्या स्प्रिंगचा जोर किती, हे मात्र तिच्या मापांवर ठरतं, आणि ही मापं सारख्या वजनाची नाहीत. तारेची जाडी चौथ्या घातानं मोजली जाते. बाकी सगळं तेच ठेवून एक मिलिमीटरच्या तारेऐवजी 1.1 मिलिमीटरची घेतली, तर स्प्रिंग सुमारे 46 टक्के कडक होते. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. वेढ्याचा घेर, म्हणजे त्याचा व्यास, तिसऱ्या घातानं उलटा चालतो. 10 मिलिमीटरचा घेर 11 केला तर ती पंचवीस टक्क्यांच्या आसपास नरम पडते. वेढ्यांची संख्या सरळ उलट्या प्रमाणात: वेढे कमी, स्प्रिंग कडक. म्हणून डब्यातली स्प्रिंग निवडताना अनुभवी माणूस आधी लांबी पाहत नाही. तो व्हर्निअर तारेवर लावतो.

आता दोन वेढ्यांचा हिशेब करून पाहू. समजा, एका स्प्रिंगला बारा वेढे आहेत. दोन्ही टोकांचा एकेक वेढा शेजाऱ्याला चिकटलेला, बंद. तो काम करत नाही. मधले दहा काम करतात. मोकळी लांबी 42 मिलिमीटर, आणि एक मिलिमीटर दाबायला 100 ग्रॅमचं वजन लागतं. ती 32 मिलिमीटरच्या जागेत बसवली म्हणजे बसल्याबसल्याच 10 मिलिमीटर दबली. एक किलोचा जोर तिच्यात भरून राहिला. पुढे काम करताना ती 22 पर्यंत दबते, तेव्हा जोर दोन किलो.

एका टोकाचे दोन वेढे कापले. त्यात एक बंद वेढा गेला, एक कामाचा. उघड्या पडलेल्या टोकाला नवा बंद वेढा करायचा म्हणजे आणखी एक कामाचा वेढा खर्ची पडला. उरले आठ. लांबी साधारण 34 वर आली आणि आता एक मिलिमीटरला 125 ग्रॅम लागू लागले. म्हणजे स्प्रिंग पंचवीस टक्के कडक झाली. बोटांनी दाबून पाहणारा खूश होतो. पण तीच 32 मिलिमीटरच्या जागेत बसवा: ती दोनच मिलिमीटर दबते, जोर उरतो 250 ग्रॅम. पूर्वी एक किलो होता. 22 पर्यंत दाबली तरी दीड किलो, पूर्वीच्या दोनऐवजी. हातात कडक, जागेवर दुबळी. स्प्रिंग कापून पस्तावलेल्या माणसाचा घोटाळा बहुतेक वेळा इथंच झालेला असतो, आणि तो त्याच्या हातातल्या पकडीचा दोष नसून हिशेबाचा असतो.

फवारणी पंपाच्या हातात धरायच्या नळीवर एक खटका असतो. दाबला की औषध सुटतं, सोडला की एक बारीक स्प्रिंग झडप मिटवते. आमच्या जिल्ह्यात सोयाबीन आणि तूर आली की पाठीवर सोळा लिटरचा पंप आलाच. खटक्याची स्प्रिंग औषधानं गंजते, मोडते, आणि ऐन फवारणीत कुणी डब्यातली लांब स्प्रिंग तोडून तिथं बसवतो. ती झडप मिटवते, पण घट्ट मिटवत नाही. खटका सोडल्यावरही थेंब गळत राहतात आणि मुठीवरून मनगटाकडे येतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. त्याची कारणं अनेक होती आणि ती स्प्रिंगवर ढकलण्यात अर्थ नाही. पण कीटकनाशक कातडीवाटे शरीरात जातं हे त्या वर्षानं सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. म्हणून गळक्या खटक्याला मी किरकोळ बिघाड म्हणायला तयार नाही. तिथं गंज न धरणारी, मापाची, नवी स्प्रिंगच हवी. तिची किंमत आणि एका फवारणीच्या औषधाची किंमत यांची तुलनाही होत नाही.

कापणं गैरच असं मात्र नाही. बाजारात हव्या त्या मापाची बारीक स्प्रिंग हव्या त्या दिवशी मिळत नाही. सोलापूर-लातूरला माणूस पाठवावा तर दिवस जातो. शिलाई मशीनचं, दाराच्या कुलपाचं, पिठाच्या गिरणीच्या एखाद्या खिटीचं काम कापलेल्या स्प्रिंगनं छान चालतं. अट एकच, ती नीट कापलेली असावी.

स्प्रिंगची चांगली तार भरपूर कार्बन असलेल्या पोलादाची असते. ती थंड अवस्थेत साच्यातून ओढत बारीक करत नेलेली असते, आणि या ओढण्यातच तिला ताकद येते. एक मिलिमीटरच्या अशा तारेची ताणशक्ती साध्या बांधकामाच्या लोखंडापेक्षा चार-पाच पट असते. भारतात या तारेसाठी आयएस 4454 हे मानक आहे. अशा तारेवर वायरमनची साधी कटिंग पक्कड चालवली तर पकडीच्या धारेला खड्डा पडतो. तार तुटते तीही कापली गेल्यासारखी नाही, चिरडली गेल्यासारखी. टोकाला चपटी धार राहते, तिच्याशेजारी केसासारखी बारीक चीर असते. दाब पडत-सुटत राहिला की चीर आत सरकते. शिवाय ती धार ज्या छिद्रात स्प्रिंग फिरते त्याची भिंत खरवडते. पितळेचं छिद्र असेल तर लवकरच चर पडतो आणि स्प्रिंग त्यात अडखळू लागते.

म्हणून जाणता माणूस पातळ कटिंग व्हील वापरतो, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. स्प्रिंगच्या पोटात बसेल अशी सळई आत सरकवतो. त्यामुळे वेढे हलत नाहीत आणि चाक आरपार गेलं तरी पलीकडच्या वेढ्याला ओरखडा पडत नाही. कापायच्या वेढ्याच्या मागेपुढे पातळ पत्र्याचे तुकडे घालून शेजारचे वेढे झाकतो. चाक दाबत नाही, टेकवतो. थोडं कापलं की थांबतो, पाण्याचा थेंब सोडतो. डोळ्यांवर चष्मा असतोच; तुटलेला तुकडा कुठे जाईल याचा भरवसा नसतो, आणि व्हीलचे कण तर थेट तोंडाकडे येतात. बाजारात हे काम उघड्या डोळ्यांनी करणारे हात मी फार पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी पोटात कालवतं.

पाणी सोडायचं कारण उष्णता. पोलाद तापलं की त्याच्यावर रंग चढतात: सुमारे सव्वादोनशे अंशांना फिका पिवळा, तीनशेच्या आसपास निळा. कापलेल्या टोकावर केसाएवढी निळी कड आली तर बिघडत नाही, ती घासून जाते. पण निळा रंग अर्धा वेढा मागे पसरला तर तेवढी तार आता पहिली राहिली नाही. तार लाल होईपर्यंत तापली तर तिथं स्प्रिंग उरत नाही, नुसती वाकडी तार उरते. काही जण टोकाचा वेढा बंद करण्यासाठी मुद्दाम तो लाल करतात आणि थंड लोखंडावर दाबून चपटा बसवतात. हे जमतं, कारण बंद वेढा कामाचा नसतो. पण उष्णता पाऊण वेढ्याच्या पुढे गेली की कामाचा वेढा नरम पडतो. बारीक तारेत ती पुढे जायला क्षण पुरतो. दीड मिलिमीटरच्या आतली तार असेल तर दोन पकडींनी थंडच वळवावी, हळूहळू, एका जागी कोन न पाडता. वेळ लागतो आणि काम पक्कं होतं.

टोक बंद झालं की ते सपाट करायचं. काचेवर पॉलिश पेपर ठेवावा, स्प्रिंग उभी धरावी, सळई आत ठेवावी आणि गोल फिरवत घासावं. शेवटचा वेढा पाऊणभर सपाट झाला की स्प्रिंग टेबलावर आपली आपण सरळ उभी राहते. हीच परीक्षा. कललेली स्प्रिंग दाबली की एका बाजूला जास्त जोर देते, झडप तिरकी बसते, दट्ट्या एका अंगाला झिजतो. लांबी घेराच्या चौपटीहून जास्त असेल तर ती मधेच कमरेतून वाकते; अशा स्प्रिंगला आत सळई किंवा बाहेर नळी हवीच. सगळ्यात शेवटी आतली आणि बाहेरची कड बारीक तेल-दगडावर मारून काढायची. बोट फिरवून काहीच लागलं नाही पाहिजे.

एवढं करून झाल्यावरही एक प्रश्न विचारायचा राहतो: कापायची गरज होती का? जोर कमी पडत असेल तर स्प्रिंगखाली वॉशर टाकता येतो. डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरचा दाब असाच जमवतात. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाचा इंजेक्टर मिस्त्री तपासणीच्या पंपावर लावतो, काटा पाहतो आणि स्क्रू किंवा पातळ चकती कमी-जास्त करून दाब बसवतो. तिथं स्प्रिंग कापण्याचा विचार कुणाच्या मनातही येत नाही. चकती काढली की सगळं पूर्ववत होतं. कापलेला वेढा परत येत नाही.

बंदुकीकडे वळतो, कारण यात्रेतल्या त्या दुकानावरून विषय निघाला आणि कापलेल्या स्प्रिंगचा हिशेब सर्वांत महाग तिथंच पडतो.

या जिल्ह्याला तोफा-बंदुकांचा इतिहास मोठा आहे. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ परंड्याच्या किल्ल्यावर होती. 1632 मध्ये ती विजापूरला नेली. नळदुर्गच्या उपळी बुरुजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ आजही आहेत. तोफेला स्प्रिंग लागत नाही, बत्ती लागते. तोड्याच्या बंदुकीचंही जवळजवळ तसंच. गारगोटीची बंदूक आली तेव्हा घोडा जोरानं आपटायला चिमट्यासारखी चपटी कमान आली, आणि काडतुसाच्या काळात गुंडाळलेल्या तारेची स्प्रिंग. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सेना सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली तेव्हा पहिली लढाई नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, आणि त्याच दिवशी फौज जळकोटमार्गे उमरग्यापर्यंत पोहोचली. त्या जवानांच्या हातात .303 रायफली होत्या. त्यांच्या बोल्टच्या पोटात, ठोकणीभोवती, अशीच एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. काडतूस पेटेल की नाही हे तिच्या जोरावर ठरतं.

आज शेतकऱ्याकडे पिकाच्या किंवा जिवाच्या रक्षणासाठी असलेली परवान्याची बारा बोअर दिसते, क्वचित. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. अमेरिकेत बंदुकीचे भाग घरी आणून, घरच्या बाकावर चाप हलका करणं हा लोकांचा छंद आहे. त्यासाठी स्प्रिंगांचे संच विकत मिळतात. आपल्याकडे तसं नाही आणि ते योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं पाचवं कलम बंदूक बनवण्याइतकंच तिची दुरुस्ती, बदल आणि चाचणी यांनाही परवान्याच्या कक्षेत आणतं. म्हणजे बंदूक बाळगायचा परवाना आहे म्हणून ती उघडून दुरुस्त करायचा धंदा करता येत नाही. त्या कामाचा परवाना वेगळा. 2019 च्या दुरुस्तीनं बेकायदा निर्मिती आणि दुरुस्तीची शिक्षा किमान सात वर्षांवर नेली, कमाल जन्मठेप. यात्रेतली छऱ्याची बंदूक यात येत नाही, कारण 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 जूलच्या आतल्या एअरगनला 2016 च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. तिचं काम मिस्त्री करू शकतो. पण त्याच मिस्त्र्यासमोर कुणी बारा बोअर ठेवली, तर त्यानं तिला हात लावू नये.

कायदा बाजूला ठेवला तरी यंत्राचं कारण उरतंच. चाप हलका व्हावा म्हणून खाच धरणारी स्प्रिंग कापली, की वर मांडलेला हिशेब जसाच्या तसा लागू होतो: हातात कडक, जागेवर दुबळी. खाच घोड्याला धरून असते, पण जेमतेम. बंदूक भिंतीला टेकवताना घसरली, जीपमध्ये आदळली, की खाच सुटते आणि चापाला बोटही न लागता बार उडतो. समोर कोण असेल ते सांगता येत नाही. पंपाच्या मिस्त्र्याची चूक थेंबानं गळते आणि दिसते. ही चूक घडेपर्यंत दिसत नाही.

खेळातले नेमबाजही हलका चाप मागतात, पण तिथं हलकेपणाला तळ आहे. दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅमचा, पंचवीस मीटर पिस्तुलाचा किमान 1000 ग्रॅमचा हवा. स्पर्धेत चापाला ठरलेलं वजन अडकवून पिस्तूल उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, चाप सुटता कामा नये. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेही याच एक किलोच्या नियमाखाली. जगातल्या सर्वोत्तम हातांनाही ही मर्यादा आहे. आणि या पिस्तुलांत चापाचा जोर जमवायला स्क्रू दिलेले असतात.

बंदुकीसारखीच आणखी दोन ठिकाणं मी मनात वेगळी ठेवली आहेत. एक घरातच आहे: गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर. त्याच्या आत पडदा आणि स्प्रिंग मिळून गॅसचा दाब ठरवतात. तो उघडायचा नाही, बदलून घ्यायचा. दुसरं साखर कारखान्यात. ढोकीचा तेरणा असो की रांजणीचा नॅचरल, कारखान्याच्या बॉयलरवर सुरक्षा झडप असते आणि तिची स्प्रिंग ठरलेल्या दाबावर जमवून कुलूपबंद केलेली असते. ती परस्पर कुणी हलवू नये म्हणून आपल्याकडे बॉयलरचा कायदा आहे. या तिन्ही जागी स्प्रिंग चुकली तर किंमत दुरुस्त करणाऱ्यापुरती राहत नाही.

बाकी सगळ्या जागी, पंप, कुलूप, मशीन, सायकल, यात्रेतली बंदूक, माझा आग्रह असा की मिस्त्र्यानं मोडलेल्या स्प्रिंगची नोंद ठेवावी. काही जण वहीत लिहितातही. सोलापूर-पुण्याचे स्प्रिंग करणारे कारागीर थोड्या नगांचं कामही घेतात, फक्त त्यांना माप नीट लागतं: तारेची जाडी, बाहेरचा घेर, एकूण वेढे, मोकळी लांबी, पीळ उजवा की डावा, टोकं बंद की उघडी, आणि घासलेली की नाहीत. धातूही सांगावा, पाण्यात किंवा औषधात राहणारी असेल तर स्टेनलेस मागावी. लांबी देताना जपावं. वर्षानुवर्षं दबून राहिलेली स्प्रिंग थोडी बसलेली असते; तिचीच लांबी कळवली तर नवीही पहिल्या दिवसापासून बसलेल्या मापाचीच येते. त्याऐवजी ती ज्या जागेत बसते त्या जागेची लांबी आणि काम करताना ती किती दबते, हे दोन आकडे लिहावेत. जोर किती लागेल ते करणारा काढतो. आणि मोडलेली स्प्रिंग सोबत पाठवायची असेल तर तिचे सगळे तुकडे पाठवावेत, बारीक टोकसुद्धा, म्हणजे वेढे मोजता येतात.